बारा मिलीलिटर

गेल्या पावसाळ्यात परळच्या एका इस्पितळात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "काका, शंभरपासून उलटे आकडे मोजा." सत्त्याण्णवच्या पुढचं काही आठवत नाही. सिरिंजमध्ये दुधासारखं प्रोपोफॉल होतं, जेमतेम बारा मिलीलिटर. मेंदूतल्या चेतापेशींना गप्प बसवणारा गाबा नावाचा रेणू असतो; हे औषध त्याचा जोर वाढवतं. अर्ध्या मिनिटात 'मी' नाहीसा.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं १६४१ मध्ये मांडलं होतं, की शरीर जागा व्यापतं, मन विचार करतं पण जागा व्यापत नाही. दोन्ही निराळी द्रव्यं. १६४३ मध्ये बोहेमियाच्या २४ वर्षांच्या राजकन्या एलिझाबेथनं त्याला पत्रातून विचारलं, मग असलं मन शरीराला हलवतं कसं? मेंदूच्या मधोमध असलेल्या पिनियल ग्रंथीत ही गाठभेट होते, असं देकार्तचं म्हणणं. पण ग्रंथीही शरीरच की! सरकारी कचेरीत 'पुढच्या खिडकीवर विचारा' म्हणतात, त्यातली गत.

माझा प्रश्न उलट्या बाजूनं. जागाच न व्यापणारं मन बारा मिलीलिटरनं विझतं कसं?

मन आणि शरीर निराळी मानणाऱ्या द्वैतवाद्यांचं ठरलेलं उत्तर असं, की मेंदू हा नुसता रेडिओ. तो बंद पडला म्हणून आकाशवाणी बंद पडत नाही. ठीक. पण ट्रान्झिस्टर पाण्यात पडला तर बातम्या खरखरतील, निवेदिका शिव्या देऊ लागणार नाही. १८४८ मध्ये अमेरिकेत फिनियस गेज या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, पण त्याच्या डॉक्टरांनी नोंदवलंय, की पूर्वीचा शहाणासुरता माणूस आता लहरी आणि शिवराळ झाला. (पुढे तो बराच सावरला, चिलीत घोडागाडी हाकत होता, हे सांगायला लोक विसरतात.)

१९५०च्या दशकात प्लेस आणि स्मार्ट या तत्त्वज्ञांनी सरळच म्हटलं: आकाशातली वीज म्हणजे जसा विद्युतभाराचा लोट, तशी संवेदना म्हणजे मेंदूतली घडामोड. आपल्या चार्वाकांचा दाखला मला जास्त आवडतो. सुट्या जिनसांत नशा नसते, त्या आंबवल्या की येते, तसंच चैतन्य.

तरी टाके ठणकले, की वाटायचं, चेतापेशींच्या विद्युतसंदेशांत हे ठणकणं नेमकं कुठंय? तिथं मन म्हणजे मेंदूच म्हणणारे भौतिकवादी अजून चाचपडताहेत.

डोळे उघडल्यावर मी विचारलं, "सुरू कधी करताय?"

"काका, झालंसुद्धा. दीड तास झाला."