ढकलपास ते निपुण भारत : पार्श्वभूमी

पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत नापास मुलाला त्याच वर्गात ठेवावे की पुढे ढकलावे यावरून आज जो वाद चालतो, त्याची मुळे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहेत. तेव्हा खरी चिंता गळतीची होती. नापास झालेले मूल, विशेषतः मुलगी, पुन्हा शाळेत दिसेलच याची खात्री नसे. म्हणून प्राथमिक स्तरावर नापास न करण्याचा आग्रह धरला गेला. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने शाळांना किमान दोन खोल्या, दोन शिक्षक देऊ केले.

१ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि हा आग्रह आठवीपर्यंत सक्तीचा झाला. मुलाला त्याच वर्गात न ठेवण्याचे कलम १६ सर्वांना पाठ झाले. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे मुलाची वर्षभर आणि सर्व अंगांनी पारख, मागणारे कलम २९ मात्र कागदावरच जास्त राहिले. महाराष्ट्रात पहिली-दुसरीला आकारिक (शिकवता शिकवता होणाऱ्या) मूल्यमापनाचा भार ७० टक्के, संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाचा ३०. आकारिकसाठी निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम अशी साधने दिली होती. पण एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो तिथे वर्णनात्मक नोंदी सत्राच्या शेवटी एकगठ्ठा भरल्या जातात. ‘वाचनात सुधारणा आवश्यक’ एवढ्यावरून मूल जोडाक्षराला अडते की वाचूनही अर्थ लागत नाही, हे कळत नाही. तेच मूल चौथीत भागाकाराचे शाब्दिक उदाहरण वाचू शकत नाही आणि शेरा पडतो, ‘गणित कच्चे’.

शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत परीक्षा आणली. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन, दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि तरीही जमले नाही तर त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना. महाराष्ट्राने २०२३-२४ पासून ही वाट धरली. तीन वर्षांची तूट दोन महिन्यांत, तीही उन्हाळी सुट्टीत, भरून निघेल हे आम्हाला पटत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि पायाभूत वाचन-गणितासाठीच्या २०२१ च्या केंद्राच्या निपुण भारत अभियानाने लक्ष खालच्या इयत्तांकडे वळवले, ते योग्यच झाले. तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणे आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणे, हे लक्ष्य २०२६-२७ पर्यंत गाठायचे आहे. ते गाठले का याची तपासणी लेखी होत नाही. एकेका मुलाला जवळ बसवून उतारा वाचून घ्यावा लागतो, चार प्रश्न विचारावे लागतात. मुलामागे पाच मिनिटे धरली तरी तीसच्या वर्गाला अडीच तास लागतात, आणि तेवढा वेळ बाकीच्या मुलांकडे बघणारे दुसरे माणूस शाळेत असावे लागते.