खिशातल्या कांद्याने लू टळत नाही

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर चढला, की बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात निघालेल्या पोराच्या खिशात आई हमखास कांदा कोंबते. कांदा ऊन ओढून घेतो आणि लू, म्हणजे उष्माघात, टळतो म्हणे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्रात तापमान-नियंत्रण शिकलं, की हा समज टिकत नाही.

मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीर ३७ अंशांच्या आसपास राखतो. बाहेरची हवा त्वचेहून गरम झाली, की उष्णता बाहेर टाकायला घाम वाळणं हाच मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता टपकला तर जवळजवळ काहीच नेत नाही. आपला कुलर बघा ना. कोरड्या उन्हात गारेगार, पावसाळ्यात नुसती चिकचिक. वाळ्याच्या ताटीवरचं पाणी आणि कातडीवरचा घाम, दोघांचं काम एकच. खिशातला कांदा यात कुठेच बसत नाही.

घामासोबत मीठही जातं, म्हणून मीठ घातलेलं कैरीचं पन्हं खरंच उपयोगी. पण माणूस बरळू लागला, अंग ४० अंशांवर तापलं, तर तळपायाला कांदा चोळत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा.