निरोगी वार्धक्यासाठी सहयोगी संशोधन (गोवा)

वृद्धांची कार्यक्षमता व मनःस्वास्थ्य टिकवण्याचे उपाय शोधण्यासाठी संशोधक, सरकारी आरोग्यसेवा, स्वयंसेवी संस्था, कुटुंबे आणि स्वतः वृद्ध यांनी मिळून केलेले संशोधन. प्रश्नाची निवड, मोजमापाची रीत आणि निष्कर्षांचा वापर या तिन्ही ठिकाणी वृद्धांचे म्हणणे विचारात घेतले गेले, तरच त्यास सहयोगी म्हणावे. 2011 च्या जनगणनेत गोव्यातील साठीपुढच्या लोकांचे प्रमाण सुमारे 11 टक्के, म्हणजे राज्यांमध्ये केरळच्या खालोखाल होते.

संकल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांनी 1961 मध्ये ‘यशस्वी वार्धक्य’ ही कल्पना मांडली. जॉन रो आणि रॉबर्ट कान यांनी 1987 पासून तिला रोग व अपंगत्व नसण्याच्या निकषांकडे नेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या अहवालाने मात्र कार्यक्षमता केंद्रस्थानी ठेवली. मधुमेह असूनही स्वतः बाजार करून येणारी आजी रो-कान यांच्या निकषात बसत नाही, संघटनेच्या निकषात बसते. प्रत्यक्ष कामाला संघटनेचा निकष अधिक उपयोगी पडतो. सहभागी पद्धतीचे मूळ काहीजण कर्ट लेविन यांच्या 1940 च्या दशकातील कृतिसंशोधनात (बदल घडवत केलेल्या संशोधनात), तर काहीजण ओर्लांदो फाल्स बोर्दा यांच्या 1970 च्या दशकातील लॅटिन अमेरिकेतील कामात पाहतात. गोव्यापुरता निकटचा पूर्वज म्हणून 1998 मध्ये कोचीत स्थापन झालेला ‘10/66’ हा स्मृतिभ्रंश संशोधन गट धरणे जास्त सयुक्तिक वाटते. स्मृतिभ्रंशाचे सुमारे 66 टक्के रुग्ण विकसनशील देशांत असताना त्यांच्यावर 10 टक्क्यांहूनही कमी संशोधन होते, ही विषमता त्या नावात आहे.

गोव्यातील पायाभूत गुणात्मक अभ्यास मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केला. विसरभोळेपणा लोकांच्या लक्षात येत होता, पण तो म्हातारपणाचाच भाग मानला जाई. त्यामुळे असे वृद्ध डॉक्टरांपर्यंत क्वचितच पोहोचत, गावातील आरोग्यसेविकांना मात्र ते ठाऊक असत. मुलांकडून होणारी देखभाल पुष्कळदा मालमत्तेच्या अपेक्षेशी जोडलेली असल्याचेही त्यात दिसले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन तालुक्यांतील, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली 81 कुटुंबे होती. स्थानिक गृहसेवा सल्लागारांनी माहिती व वर्तन हाताळण्याचे मार्गदर्शन दिल्यावर काळजीवाहकांवरचा मानसिक ताण घटला. सहा महिन्यांत 18 वृद्ध दगावले. अशा अभ्यासाची नमुनासंख्या ठरवताना ही गळती आधीच धरली पाहिजे. संगाथ ही गोव्यातील स्वयंसेवी संस्था, गोवा वैद्यकीय महाविद्यालय व पिट्सबर्ग विद्यापीठ यांच्या सहकार्याने झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नैराश्याची सौम्य लक्षणे असलेले 181 वृद्ध होते. समुपदेशनाचे प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी त्यांतील एका गटाला अडचणी सोडवण्याची रीत, झोपेची शिस्त आणि मधुमेहादी आजारांत घ्यायची काळजी शिकवली. वर्षभरात तीव्र नैराश्य या गटात 4.4 टक्के, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात 14.4 टक्के जणांना झाले.

क्षेत्रकार्यात वय ठरवण्यापासूनच अडचण येते. पोर्तुगीज अमदानीतला जन्मदाखला किंवा बाप्तिस्म्याची नोंद मिळाली तर उत्तम. नाहीतर गोवा मुक्तीचा 19 डिसेंबर 1961 हा टप्पा धरून ‘तेव्हा लग्न झाले होते का, थोरले मूल केवढे होते’ असे विचारत वय काढतात. ओळखपत्रांवरची वये बऱ्याचदा अंदाजाने घातलेली, शून्य किंवा पाचाने संपणारी असतात.

स्मृतिचाचणीत शिक्षणाचा परिणाम वेगळा काढावा लागतो. कोणी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेला, कोणी पोर्तुगीज ‘सेगुंद ग्राव’ (प्राथमिक शिक्षणाचा दुसरा टप्पा) झालेला, कोणी कोकणी फक्त रोमी लिपीत वाचणारा. जिने कधी पेन्सिल धरली नाही तिला पंचकोन काढायला लावले, तर मोजली जाते ती निरक्षरता. म्हणून चाचणीला घरच्या माहीतगाराच्या मुलाखतीची जोड देतात. हा माहीतगार पूर्वीची आई आणि आजची आई यांत तुलना करू शकणारा हवा. महिन्यापूर्वी ठेवलेल्या सोबतिणीला ते जमत नाही. आखातातून फोन करणाऱ्या मुलाला आईचे सफाईदार बोलणे ऐकू येते, गॅसवर करपलेले हुमण दिसत नाही. चवथीला किंवा नाताळात मुले घरी येतात तेव्हा ही मुलाखत घ्यावी, पण त्या गजबजाटात वृद्धाची चाचणी उरकू नये.

शारीरिक चाचणीत सुमारे 45 सेंमी उंचीच्या, हात नसलेल्या खुर्चीवरून हात छातीशी बांधून पाच वेळा उठबस करायची असते. खुर्ची भिंतीला टेकवावी. बाल्कांवातला सोपो (घराच्या दर्शनी ओसरीतले बांधीव बाक) वापरू नये. त्याची उंची घरोघरी वेगळी असते आणि आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांनुसार 12 सेकंद वा अधिक लागल्यास, किंवा हाताची पकड पुरुषांत 28 व स्त्रियांत 18 किग्रॅपेक्षा कमी भरल्यास स्नायुक्षयाचा संशय घेतात. चालण्याच्या चाचणीला 6 मी. सरळ वाट लागते. पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरते. तिथे वृद्ध पाय जपून टाकतो, वेग खोटा कमी येतो आणि पडण्याचा धोका वेगळाच. अशा वेळी पंचायतीचे सभागृह बरे.

संमतिपत्र वाचता न येणाऱ्याचा अंगठा तटस्थ साक्षीदारासमोर घेतात. स्मृतिभ्रंश बळावला असेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते, तरीही वृद्धाने मान हलवून नकार दिला तर चाचणी थांबवावी. परदेशी भागीदार असल्यास नीतिसमितीखेरीज केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यताही आवश्यक असते.