दोन दुकानं सोडून विचारा

दादरला रानडे रोडवरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये आईबरोबर उभी होते, साडीवर जुळणारा ब्लाउजपीस शोधत. साडी जांभळी, पण वांग्याच्या रंगाची जांभळी. काउंटरमागच्या काकांनी पाच-सहा तागे खाली काढले, एकेक साडीच्या काठाला लावून दारातल्या उजेडात नेऊन पाहिला आणि मान हलवली. "नाही जुळत, वहिनी. इथे जुळल्यासारखा वाटेल, घरी गेल्यावर वेगळा दिसेल. दोन दुकानं सोडून विचारा. त्यांच्याकडे परवाच नवा माल आलाय."

आम्ही गेलो, रंग मिळाला. त्या दुकानदाराने पीस कापता कापता विचारलं, "त्यांनी पाठवलं ना? सकाळी मीसुद्धा दोघींना तिकडे धाडलं." आईला यात नवल काहीच वाटलं नाही. मला मात्र हे डोक्यातून जाईना. आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात पाठवून दोघांचाही धंदा चालतो, तो कसा?

मुंबईत हे जागोजागी दिसतं. हिंदमात्याला साड्या आणि कापड, लोहार चाळीत विजेचं सामान, नागदेवीला हार्डवेअर, लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्स, झवेरी बाजारात सोनं. एकाच मालाची शंभर दुकानं एकमेकांना खेटून बसलेली. स्पर्धा टाळायची तर माणूस लांब दुकान काढेल ना?

या कोड्याचं पहिलं प्रसिद्ध उत्तर हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये दिलं. आपल्या सोयीसाठी चौपाटी डोळ्यांसमोर आणू. एक किलोमीटर लांबीची वाळू, तिच्यावर सारखी पसरलेली माणसं आणि दोन भेळवाले. भेळ सारखी, भाव सारखा. एक २५० मीटरवर आणि दुसरा ७५० मीटरवर उभा राहिला, तर कुणालाच २५० मीटरपेक्षा जास्त चालावं लागणार नाही. पण पहिल्याच्या लक्षात येतं की आपण थोडं मध्याकडे सरकलो तर दुसऱ्याची काही गिऱ्हाइकं आपली होतील. मग दुसराही सरकतो. सरकत सरकत दोघे मधोमध पाठीला पाठ लावून उभे राहतात आणि टोकाच्या माणसाला ५०० मीटर चालावं लागतं.

पुढची पन्नास वर्षं हे उत्तर शिकवलं गेलं. १९७९ मध्ये दास्प्रमॉं, गाब्सेविच आणि टिस या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी त्यातली मेख दाखवली. शेजारी उभे असलेले भेळवाले भाव कमी करू शकत असतील, तर ते एकमेकांचे भाव पाडत नफा शून्यावर आणतील. त्यापेक्षा लांब राहिलेलं बरं. म्हणजे माल अगदी सारखा असेल, तर दुकानांनी पांगायला हवं.

पण आमची वांगी रंगाची साडी इथेच उपयोगी पडते. मॅचिंग सेंटरांचा माल सारखा नसतो, आणि कोणाकडे काय आहे हे गिऱ्हाइकाला आधी ठाऊक नसतं. समजा, एका दुकानात हवा तो रंग मिळण्याची शक्यता पाचात एक, म्हणजे २० टक्के आहे. एकुलत्या एका दुकानासाठी डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत लोंबकळत कोण येईल? तशीच दहा दुकानं ओळीने असली, तर दहाही ठिकाणी नन्नाच मिळण्याची शक्यता ०.८ ला स्वतःशी दहा वेळा गुणून येते, जेमतेम ११ टक्के. म्हणजे रंग मिळण्याची शक्यता ८९ टक्क्यांवर जाते, आणि एवढ्या भरवशावर माणूस गाडी पकडतो. डोंबिवलीची बाई कुठल्या एका दुकानासाठी येत नाही, ती त्या रांगेसाठी येते. तिला रिकाम्या हाताने परत न पाठवणं हे रांगेतल्या प्रत्येकाच्या हिताचं असतं. काकांनी पन्नास वर्षांच्या अनुभवातून हे गणित कागदाशिवाय सोडवलेलं होतं.

घरी येऊन आईने पिशवी रिकामी केली. जाताना यादीत दोनच गोष्टी होत्या, ब्लाउजपीस आणि फॉल. पिशवीतून निघालं ते असं: ब्लाउजपीस, फॉल, कोथिंबिरीची जुडी, सेफ्टी पिनांचा पुडा, चहाचं गाळणं, मोगऱ्याचा गजरा, पावशेर खारे दाणे आणि बाबांसाठी रुमालांचं त्रिकूट. फुटपाथवर पिना विकणाऱ्या मावशींकडे पिनांसाठी म्हणून घरातून निघालेलं माणूस क्वचितच येत असेल. त्यांचा धंदा चालतो तो मॅचिंगवाल्यांनी, फुलबाजाराने आणि दोन रेल्वेंच्या स्टेशनाने आणलेल्या पावलांवर.

एकाने आणलेली माणसं दुसऱ्याच्या गल्ल्यावर येतात, याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. मॉलच्या मालकाला हे पक्कं माहीत असतं. म्हणून तो गर्दी खेचणाऱ्या मोठ्या दुकानाला दर चौरस फुटाला कमी भाडं लावतो आणि त्या गर्दीवर जगणाऱ्या छोट्या गाळ्यांकडून जास्त घेतो. रस्त्याला असा मालक नाही. रानडे रोडवरची वर्दळ ही सगळ्यांची सामाईक पुंजी आहे, आणि ती कोणाच्याच वहीत लिहिलेली नाही. जे वहीत नाही ते मोडताना कोणाचा हात थबकत नाही. मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते मुंबईपेक्षा लहान शहरांना जास्त लागू आहे.

कारण लहान शहराला मोठ्या शहराची ओढ सतत जाणवते. विल्यम रायली या अमेरिकी अभ्यासकाने १९३१ मध्ये हा हिशेब न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखा मांडला. बाजाराची ओढ लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. चार लाखांचं आणि एक लाखाचं अशी दोन शहरं ३० किलोमीटरवर असतील, तर मधली सीमा लहान शहरापासून अवघ्या १० किलोमीटरवर पडते. त्यापलीकडचं गाव मोठ्या शहराकडे वळतं. सूत्र ढोबळ आहे, रस्ता खराब असला की चुकतं, पण पेठेतला कुठलाही व्यापारी ते अनुभवाने मान्य करील.

पेठेतली गिऱ्हाइकं राखायला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅलमझू या लहान शहराने १९५९ मध्ये एक धाडस केलं. मुख्य पेठेतून गाड्या हद्दपार केल्या, झाडं लावली, बाकं टाकली. रस्त्याचा असा पादचारी मॉल करणारं ते त्या देशातलं पहिलं शहर. आराखडा होता व्हिक्टर ग्रुएन यांचा. तीनच वर्षांपूर्वी याच वास्तुविशारदाने मिनिआपोलिसजवळ चहूबाजूंनी बंदिस्त असा पहिला आधुनिक मॉल उभारला होता. शहरांच्या पेठा रिकाम्या करणारं साधन आणि त्या वाचवण्याचा उपाय एकाच डोक्यातून निघाले, याचं मला फार नवल वाटतं. पुढे अमेरिकेत असे सुमारे दोनशे रस्ते झाले आणि त्यातले बहुतेक पुन्हा गाड्यांना खुले करावे लागले. कॅलमझूनेही १९९८ मध्ये आपल्या रस्त्याचा काही भाग उघडला.

१९६२ मध्ये कोपनहेगनने स्ट्रॉएट हा किलोमीटरभराहून लांब रस्ता गाड्यांना बंद केला. दुकानदारांनी विरोध केला, आता आपण बुडालो म्हणाले. तो रस्ता आजही माणसांनी फुललेला असतो.

उपाय तोच असताना फळ वेगळं का? अमेरिकेतली माणसं पेठेपासून लांब उपनगरात राहायला गेली होती आणि तिथून गाडीनेच येत होती. रस्त्यावर बाकं होती, पण पाच मिनिटं चालत येऊन बसणारी माणसं उरली नव्हती. कोपनहेगनच्या मध्यात लोक राहत होते, शिकत होते, सायकलने येत होते. पायी माणूस आधीपासून तिथे होता, त्याला फक्त जागा मोकळी करून दिली.

दादरला हा पायी माणूस दिवसभर वेगवेगळ्या वेषात दिसतो. पहाटे फुलबाजारात हार ओवणारे, मग शाळेची मुलं, दुपारी क्लासची पोरं, संध्याकाळी ऑफिसातून परतणारे, रात्री शिवाजी मंदिर नाट्यगृहातला प्रयोग सुटल्यावर स्टेशन गाठणारे. वरच्या मजल्यांवर राहणारी कुटुंबं आहेतच. त्यामुळे चहाच्या टपरीला कुठल्या एका वेळेवर जगावं लागत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात नोकऱ्या दादरपेक्षा कितीतरी जास्त, पण रविवारी दुपारी तिथे फिरून पाहा.

टोरांटोची गोष्ट मुंबईकरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. तिथल्या ब्लोर रस्त्यावर १९६६ मध्ये भुयारी मेट्रो आली. आधी ट्राममधून दुकानं बघत जाणारी माणसं जमिनीखालून जाऊ लागली, आणि शहरात मोठा मॉलही झाला होता. तिथल्या पश्चिम भागातल्या दुकानदारांनी १९७० मध्ये कायद्याने एक क्षेत्र आखून घेतलं. त्या हद्दीतल्या प्रत्येक दुकानाने थोडी पट्टी भरायची आणि त्यातून दिवे, झाडं, बाकं, साफसफाई करायची. वर्गणी ऐच्छिक असली की चार जण देतात आणि चाळीस जण फायदा घेतात. पट्टी सक्तीची झाल्याने ती अडचण संपली. जगातलं हे असं पहिलं क्षेत्र. त्या सामाईक पुंजीला अखेर एक वही मिळाली.

आपल्याकडे २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला स्टेशनापासून कलानगरपर्यंत स्कायवॉक झाला आणि मग शहरभर तसे बांधले गेले. माणूस गाड्यांपासून वाचला हे खरं, पण दुकानांच्या दारातून उचलून डोक्यावर नेला गेला. वरून कोथिंबीर दिसत नाही. आता दादरच्या पोटातूनही मेट्रो धावते. जिने कुठे उघडतात, कोणत्या फुटपाथवर, कोणाच्या दारासमोर, यावर कितीतरी लहान धंद्यांचं पोट ठरणार आहे.

चालणाऱ्याचं लक्ष ही मोजता येणारी गोष्ट आहे. निवांत चालीने आपण मिनिटाला साधारण ८० मीटर जातो. शंभर मीटरमध्ये वीस दुकानं असतील तर दर चार सेकंदांनी नवं दार समोर येतं. बोळाचा कंटाळा येत नाही तो यामुळे. त्याच जागी पुनर्विकास होऊन टॉवर उभा राहिला आणि तळाशी पार्किंगची साठ मीटर लांब कोरी भिंत आली, तर पाऊण मिनिट पाहण्यासारखं काही नाही. माणूस पलीकडच्या फुटपाथवर जातो, आणि भिंतीच्या पुढच्या दुकानदाराला आपली विक्री का घटली ते कळतही नाही. लहान शहरांत याची वेगळी आवृत्ती दिसते. जुनी मंडई पाडून व्यापारी संकुल बांधतात आणि वरच्या मजल्यावरचे गाळे वर्षानुवर्षं शटर ओढून पडून राहतात. कोथिंबीर घ्यायला जिना कोण चढेल?

फुटपाथचंही तसंच. भारतीय रस्ते महासभेच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. पिशव्या घेतलेल्या दोन बायका शेजारून जाऊ शकतील एवढी. फेरीवाल्यांना उठवलं की ही रुंदी आपोआप मिळेल, असं मला वाटत नाही. पिनावाल्या मावशी गेल्या तर तिथे बहुधा दुचाकी उभ्या राहतील. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. कोणी कुठे बसायचं आणि वाट कुठून ठेवायची, हे तिथे त्यांच्यासमोर बसून ठरवायचं आहे.

त्यासाठी आधी मोजणी हवी. डॅनिश वास्तुविशारद यान गेल यांनी १९६० च्या दशकापासून कोपनहेगनच्या रस्त्यांवर उभं राहून माणसं मोजली, आणि त्या आकड्यांच्या बळावर नगरपालिकेशी बोलणी झाली. आपल्या पेठेतही कॉलेजची दहा मुलं हे करू शकतील. फुटपाथवर एक रेघ मनाशी धरायची, दहा मिनिटांत ती ओलांडणारे मोजायचे आणि सहाने गुणून तासाचा आकडा काढायचा. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, बाजाराच्या दिवशी आणि एरवीच्या दिवशीही. चालणारे किती, थांबलेले किती, बसलेले किती, हे वेगळं लिहायचं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं किती तेही. आणि परतणाऱ्यांच्या पिशव्या भरलेल्या आहेत की रिकाम्या, यासाठी वहीत शेवटी एक रकाना ठेवायचा.