इन्व्हर्टरच्या घरात लाईट गेल्याचं सांगणारा दिवा

कोल्हापुरात वळीव झोडपायला लागला की कुठं ना कुठं तारेवर फांदी पडते आणि लाईट जाते. पूर्वी पंखा थांबला की लगेच कळायचं. आता घरोघरी इन्व्हर्टर आहेत. ट्यूब आणि पंखे चालूच राहतात आणि बॅटरी निम्मी उतरली तरी घरात कुणाला पत्ता नसतो. म्हणून इन्व्हर्टरच्या आधी, थेट मेन लाईनवर एक छोटा एलईडी हवा. तो पेटलेला असेल तर बाहेरची लाईट आहे, विझला तर गेली.

एलईडीला लागतात जेमतेम दोन व्होल्ट, घरात येतात 230. उरलेल्यांचं काय करायचं? रेझिस्टर (करंट रोखणारा भाग) लावून 16 मिलिअँपिअर करंट घेतला तर साडेतीन वॅटहून जास्त वीज नुसती उष्णता होऊन जाते. त्याच्या जागी 0.22 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. करंट तेवढाच वाहतो आणि कपॅसिटर गारच राहतो! मला या सर्किटमध्ये सर्वांत सुंदर वाटतं ते हेच.

कपॅसिटरमध्ये धातूचे दोन पातळ थर असतात आणि मध्ये प्लास्टिकची फिल्म. फिल्ममधून वीज आरपार जात नाही. पाइपात रबराचा पडदा ताणून बसवला तर पाणी पलीकडं जात नाही, पण पडदा मागं-पुढं हलला की दोन्ही बाजूंचं पाणी हलतं, तसंच हे. आपला एसी सप्लाय सेकंदाला 50 वेळा मागं-पुढं होतो. व्होल्टेज शून्यातून जाताना सर्वांत वेगानं बदलतं, तेव्हा करंट सर्वाधिक. ते 325 व्होल्टच्या शिखरावर क्षणभर थबकतं, तेव्हा करंट शून्य. म्हणजे करंट व्होल्टेजच्या पाव आवर्तन पुढं धावतो. परिणामी कपॅसिटर पाव आवर्तनात जी ऊर्जा घेतो, ती पुढच्या पाव आवर्तनात परत करतो. त्याचा अडथळा 1/(2πfC), यात f म्हणजे सेकंदाची आवर्तनं (50) आणि C म्हणजे कपॅसिटरची क्षमता; इथं सुमारे साडेचौदा किलोओहम.

बिल निम्मं होईल असं सांगून बाजारात विकल्या जाणाऱ्या ‘वीज बचत’ डब्यांत बहुतेकदा असाच एक कपॅसिटर आणि एक एलईडी असतो. घरगुती मीटर खरोखर खर्च झालेली ऊर्जाच मोजतो, घेऊन परत केलेली नाही. त्यामुळं त्या डब्यानं बिल निम्मं होणं शक्यच नाही. पैसे घालवू नका.

एलईडीला समांतर, पण उलट्या दिशेनं, 1एन4007 डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) जोडायचाच. उलट दिशेनं एलईडी पाचेक व्होल्टच सोसतो, डायोड उलट दिशेचा अर्धा फेरा स्वतःवर घेतो आणि तेवढा वेळ एलईडी विझलेला राहतो. म्हणून हा दिवा सेकंदाला 50 वेळा लुकलुकतो. अंधारात नजर झरकन बाजूला फिरवली की प्रकाशाची तुटक रेघ दिसते. चालू करताना येणारा करंटचा झटका रोखायला सिरीजमध्ये एक किलोओहम, एक वॅटचा रेझिस्टर घ्या. साठलेला चार्ज उतरायला कपॅसिटरच्या दोन टोकांना एक मेगाओहमचा लावा. कपॅसिटरवर ‘एक्स2’ (थेट मेनवर वापरायच्या कपॅसिटरचा सुरक्षा दर्जा) आणि 275 व्होल्ट एसी छापलेलं पाहूनच घ्या.

या सर्किटच्या प्रत्येक टोकाला, एलईडीच्या पायालासुद्धा, मेनचा शॉक बसतो. प्लास्टिकची बंद डबी वापरा आणि जोडणी वायरमनकडून, एमसीबीनंतर (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) आणि इन्व्हर्टरच्या आधी करून घ्या. सोल्डरिंग जमत नसेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानात पॅनेलवर बसवायचा 230 व्होल्टचा तयार इंडिकेटर मिळतो. तो पाण्याच्या मोटरच्या स्विचशेजारी बसवा, तिथं येता-जाता नजर पडते.