‘प्रूफ’नंतरचा ‘ऑफ’ जातो कुठे?

‘प्रूफ ऑफ हिज गिल्ट’ म्हणजे त्याच्या अपराधाचा पुरावा. आता ‘अपराध’ या नामाच्या जागी अख्खं वाक्य ठेवू: तो अपराधी आहे याचा पुरावा. इंग्रजीत त्याचं होतं ‘प्रूफ दॅट ही इज गिल्टी’. मधला ‘ऑफ’ नाहीसा झाला. ‘बिलीफ इन घोस्ट्स’मधला ‘इन’, ‘होप फॉर पीस’मधला ‘फॉर’, ‘इन्सिस्टन्स ऑन सायलेन्स’मधला ‘ऑन’, सगळ्यांची हीच गत. नामामागून येणारं प्रिपोझिशन ‘दॅट’चं वाक्य समोर येताच गळून पडतं.

मराठी माणूस इथे अडखळतो, आणि त्याला सबळ कारण आहे. मराठीतही वाक्याला थेट विभक्तीप्रत्यय लागत नाही. ‘तो अपराधी आहेचा पुरावा’ असं कुणी म्हणत नाही. पण मराठी प्रत्यय टाकून देत नाही, त्याच्यासाठी ‘हा’ हे सर्वनाम आणते. ‘याचा पुरावा’, ‘यावर विश्वास’, ‘याबद्दल शंका’. जर्मनही ‘दाराउफ, दास’ (‘यावर, की’) अशी जवळजवळ हीच युक्ती करते. ही सवय घेऊन इंग्रजी लिहू लागलं की ‘याचा’चं ‘ऑफ दॅट’ होतं आणि ‘प्रूफ ऑफ दॅट ही इज गिल्टी’ असं चुकीचं वाक्य तयार होतं. फसवणूक अशी, की नुसतं ‘प्रूफ ऑफ दॅट’ अगदी बरोबर आहे! तिथला ‘दॅट’ सर्वनाम आहे, म्हणजे ‘त्याचा पुरावा’. वाक्य जोडणारा ‘दॅट’ वेगळा. तो आपल्या ‘की’चा भाऊ.

पण इंग्रजीत हे घडतं कशामुळे? भाषाशास्त्रज्ञ टिमथी स्टोवेल यांनी 1981 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात एक विचार मांडला. प्रिपोझिशन आपल्यापुढच्या नामाला विभक्ती देतं. म्हणूनच ‘फेथ इन ही’ न होता ‘फेथ इन हिम’ होतं. काळ दाखवणारं क्रियापद असलेलं ‘दॅट’चं वाक्य मात्र विभक्ती स्वीकारत नाही, त्यामुळे जिथे विभक्ती मिळते तिथे ते टिकत नाही. मला हे स्पष्टीकरण आवडतं, कारण प्रत्येक नामामागे वेगळा नियम पाठ करण्याऐवजी एकच कारण हाती येतं.

त्याआधी, 1967 मध्ये, पीटर रोझेनबॉम या भाषाशास्त्रज्ञाने प्रिपोझिशन मुळात असतं आणि नंतर गळतं, असं मांडलं होतं. ते अगदीच निराधार नव्हतं. हेच वागणं असलेलं ‘शुअर’ हे विशेषण घ्या. ‘ही वॉज शुअर दॅट ही वुड विन’मध्ये ‘ऑफ’ दिसत नाही. पण वाक्य फिरवून ‘व्हॉट ही वॉज शुअर ऑफ वॉज दॅट ही वुड विन’ केलं, की ‘ऑफ’ परत येतो. ‘दॅट’शी थेट गाठ पडली नाही की तो टिकतो.

हा काही सगळ्या भाषांचा कायदा नव्हे. स्पॅनिशमध्ये ‘ला इदेआ दे के’ (शब्दशः ‘कल्पना-ची-की’) म्हणताना ‘दे’ हे प्रिपोझिशन ‘के’च्या वाक्याला खुशाल चिकटतं. इंग्रजीतही पूर्वी थोडी मोकळीक होती: 1611 च्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ‘आफ्टर दॅट आय वॉज टर्न्ड’ अशी रचना सापडते. आज तिचे अवशेष ‘इन दॅट’ आणि ‘एक्सेप्ट दॅट’ अशा मोजक्या जोड्यांत उरले आहेत.

गंमत म्हणजे ‘व्हेदर’ किंवा ‘व्हॉट’ने सुरू होणाऱ्या वाक्यांना अशी आडकाठी नाही. ‘डाउट अबाउट व्हेदर ही विल कम’ बिनदिक्कत चालतं. क्रियापदाचं ‘इंग’ रूपही चालतं: ‘द पॉसिबिलिटी ऑफ लूझिंग’. ते नामासारखंच वागतं.

आणि काही नामांपुढे ‘दॅट’चं वाक्य थेट येऊच शकत नाही. आशा, श्रद्धा, पुरावा, दावा यांच्या पोटात एक विधान असतं. म्हणून ते वाक्य त्यांना जोडता येतं. ‘अटेन्शन’च्या पोटात असं विधान नसतं, लक्ष फक्त कशाकडे तरी जातं. तिथे ‘टू’ सोडता येत नाही आणि ‘दॅट’ आणता येत नाही. मग इंग्रजी मध्ये एक नाम घालते: ‘अटेन्शन टू द फॅक्ट दॅट’. आपल्या ‘या’चंच काम इथे ‘द फॅक्ट’ करतं. मात्र ‘या’ तटस्थ आहे, ‘फॅक्ट’ तसा नाही. पुढची गोष्ट खरी आहे हे तो गृहीत धरतो. म्हणून ‘होप फॉर द फॅक्ट दॅट’ कानाला खटकतं: जे अजून घडलेलंच नाही, त्याला ‘फॅक्ट’ कसं म्हणणार? तिथे साधं ‘होप दॅट’च हवं.