सोल्डरिंगचा धूर म्हणजे शिसं नाही, शिसं दुसरीकडेच आहे

रिपेअरिंगच्या टेबलावर बसणाऱ्या कुणालाही विचारा की सोल्डरिंगमध्ये, म्हणजे धातूची तार वितळवून टाके मारण्यात, धोका कशाचा, बोट त्या पांढऱ्या धुराकडेच जातं, "त्यात शिसं असतं ना!" मीपण बरीच वर्षं हेच धरून चाललो होतो, श्वास रोखून टाका मारायचा, तोंड बाजूला फिरवायचं, आणि मग त्याच हातांनी जेवायला बसायचं. म्हणजे काळजी घेत होतो पण चुकीच्या जागी.

तो धूर फ्लक्सचा असतो. सोल्डर वायरच्या (टाक्यासाठी वितळवतो त्या तारेच्या) पोटात राळ भरलेली असते, तोच फ्लक्स, ती तापली की जळते आणि धूर निघतो. कथील-शिशाची ६०/४० वायर १८३ डिग्री सेल्सिअसला वितळायला लागते, आयर्न (टाका मारायची तापती कांडी) आपण ३५० च्या आसपास ठेवतो, आणि शिसं उकळायला लागतात १७४९ डिग्री. वाफ त्याच्या बरीच आधी सुरू होते हे खरं, पण आयर्नच्या टोकावर होते ती अगदीच किरकोळ.

मग धूर निरुपद्रवी का? अजिबात नाही. राळेच्या धुराने दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की नंतर थोड्याशा धुरानेही छाती भरून येते. याची एक खूण असते, सुट्टीत बरं वाटतं आणि कामावर आलं की खोकला, डोळे चुरचुरणं परत चालू.

शिशाचं असं काही नाही. ना वास, ना चुरचुर, आणि एका सुट्टीने काही फरक पडत नाही. ते असतं बोटांवर, टेबलावरच्या राखाडी भुकटीत, सोल्डर सकर (वितळलेला टाका ओढून घेणारा पंप) झटकला की उडतो त्या कचऱ्यात, सोल्डर पॉटवरची (सोल्डर वितळवून ठेवायच्या भांड्यावरची) मळी काढतो तिच्यात. आणि दोन्ही हात अडकले म्हणून वायर दातात धरतात ना, ते तर थेटच. जातं ते तोंडावाटे, पोटात. रक्तातलं निम्मं शिसं साधारण महिनाभरात कमी होतं, पण त्यातलं बरंचसं हाडांत जाऊन बसतं कारण शरीर त्याला कॅल्शियमसारखं वागवतं, आणि तिथे ते वर्षानुवर्षं राहतं. त्रास म्हणाल तर पोटात कळ, बद्धकोष्ठता, डोकेदुखी, चिडचिड, बीपी, यातलं एकही ऐकून कुणाला शिसं आठवत नाही.

त्यामुळे उपायही वेगळे. टाक्याजवळ लावलेला धूर ओढणारा पंखा दम्यापासून वाचवेल, बोटांवरच्या शिशाला तो काय करणार. सॅनिटायझरनेही शिसं निघत नाही, साबण-पाण्याने घासूनच हात धुवावे लागतात, आणि टेबल कोरड्या ब्रशने झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसलेलं बरं. लेड-फ्री, म्हणजे बिनशिशाची, वायर घेतली की सुटलो असंही नाही हं, ती २१७ च्या पुढे वितळते, आयर्न जास्त तापवावं लागतं, म्हणजे शिसं गेलं पण धूर उलट वाढू शकतो.

आता हे सगळं आयर्नपुरतं. जुन्या पितळी रेडिएटरचे टाके टॉर्चने सोडवणं, शिशाचा जुना रंग जाळून काढणं, बॅटरीच्या प्लेटा वितळवणं, ग्राइंडर चालवणं, इथे शिसं खरोखर हवेत येतं, एकतर वाफेने नाहीतर बारीक धुळीने, आणि तेव्हा तोंड फिरवून काही होत नाही, नाकाला साधा फडका तर नुसती समजूत. तीच धूळ कपड्यांवरून घरी जाते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं साधारण दहावा भाग अंगात मुरतो, लहान मुलांत जवळपास निम्मं.

डॉक्टरकडे गेलात तर नुसतं "धुरात काम करतो" म्हणू नका, ते छातीच तपासतील. शिशाचं काम आहे हे सांगा आणि रक्तातलं शिसं तपासायला सांगा. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर ते कुठून येतंय हे शोधावं, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक सूचना म्हणते.